भिंतीपलीकडचा गाळ

डांगरवाली मावशी नसती, तर त्या धरणाखालच्या क्वार्टरमध्ये मी एक पावसाळासुद्धा काढला नसता. गाठोडं बांधून साताऱ्याची वाट धरली असती आणि नांदता न आलेली म्हणून आयुष्यभर माहेरात कोपऱ्यात बसले असते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे सांगायचं आहे ते आठवलं की माझा नुसता जळफळाट होतो, आणि जळफळाटात उपकाराची गोष्ट बोलायची राहून जाते.

मावशी धरणाच्या भिंतीजवळून जाताना भिंतीला थाप मारायची. म्हशीच्या पाठीवर मारतात तशी, सपाट पंज्यानं, सणसणीत. डोक्यावर टोपलं असलं तर एका हातानं ते सावरायची आणि दुसऱ्या हातानं थाप. "बस माय, बस," असं काहीतरी पुटपुटायची आणि पुढं व्हायची. नवं माणूस बघतच राहायचं. बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं हे धरण कामाला काढलं, तेव्हा गावातल्या सगळ्या बायांनी कामावर मिळणारी सुकडी खाऊन त्यावर मातीची टोपली वाहिली होती. काम संपलं, पाऊस झाला, बाया विसरून गेल्या. मावशी विसरली नव्हती. धरण ती कधी म्हणायचीच नाही. "माहं भिताड," म्हणायची. "माह्या भिताडाकडं कोनी शेळ्या नेऊ नका, गवत ओरबाडतात," असं पोरांना दटावायची. जणू काही सातबाऱ्यावर तिचं नाव होतं.

खरं म्हणजे तिच्या नावावर बोटभर जमीन नव्हती. भोयांची चार घरं होती गावात, त्यातलं तिचं एक. त्यांचं वावर म्हणजे नदी. पावसाळा सरला, पाणी आटून एका अंगाला गेलं की उघड्या पडलेल्या रेतीत ही माणसं डांगरवाडी लावायची. डांगर म्हणजे वऱ्हाडातलं खरबूज. रेतीत ओल लागेपर्यंत चर खणायचे, त्यात शेणखत घालायचं, बी टोबायचं, थंडीत वेलाला कापसाच्या वाळक्या पळाट्यांचा आडोसा करायचा. चैत्रात फळ. मग अनसिंगचा बाजार, आणि पोहरादेवीच्या यात्रेला गाडी भरून. तेवढ्यावर मावशीनं नवऱ्यामागं दोन पोरी उजवल्या होत्या. "नदी कोनाच्या बापाची नाई," ती म्हणायची, "म्हनून तं आमची हाये."

मी तिथं पोचले ती लग्नानंतर. शाळा सातवीतच सुटलेली. पुढची शाळा घाट उतरून होती, घरात धाकटी भावंडं होती, आणि मुलीला कशाला, असं सगळ्यांनीच ठरवलं. आमचे हे पाटबंधाऱ्यात चौकीदार. त्यांची नेमणूक वऱ्हाडात, त्यामुळं माझीही. तेव्हा वाशिम हा जिल्हा नव्हता, पाकिटावर आम्ही अकोलाच लिहायचो. माझ्या माहेरी पाणी असायचं खाली दरीत, घर वर. इथं उलटं. धरण नुकतंच पहिल्यांदा भरलं होतं, आणि आमचं क्वार्टर भिंतीच्या पायथ्याशी. चुलीपुढं बसलं की मला कळायचं, आत्ता या घटकेला पाणी माझ्या डोक्याच्या वर आहे. न्हाणीत ओल दिसली की ती कुठून आली ते शोधत बसायची. दिवसाढवळ्या मी भिंतीला कान लावून बघायची. हे हसायचे. हसण्यानं भीती जाते असं पुरुषांना का वाटतं, देव जाणे.

मावशी पहिल्यांदा दारात आली ती चैत्रात, हातात डांगर घेऊन. मी तिला ओळखत नव्हते.

"तूच नवी ना वं? घे. हे तुहं हाये."

मी म्हटलं, मी काही मागवलं नाही.

"मागवाले कायले पाह्यजे? वाडीचं पयलं फळ नदीचं, दुसरं गावात जे नवं मानूस येते त्याचं. मांगच्या साली मास्तरले देल्लं होतं. ते खाऊन बदली करून गेलं." असं म्हणून ती उंबऱ्यावरच बसली आणि माझ्या तोंडाकडं निरखून बघायला लागली. "डोये काहून सुजले? मारते का तो?"

मी म्हटलं, नाही हो, मारत नाहीत. मग रडूच आलं. भिंत फुटेल अशी भीती वाटते, एवढंच कसंबसं बोलले. मला वाटलं, हीही हसेल. ती हसली नाही. तिनं माझं मनगट धरलं आणि मला ओढत भिंतीपाशी नेलं.

"मार थाप."

मी हलकेच हात टेकवला.

"अशी नाई. देवाले नमस्कार करून राह्यली का तू? मार जोरानं." मी मारली. मुरमाचे खडे हाताला टोचले. "लागलं ना तुले? भिताडाले लागलं का? म्या स्वता माती टाकली हाये अथी. माह्या हातची भाकर तव्यावर कदी तुटली नाई, तं भिताड कायले तुटते?"

यात शहाणपण काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला समजावून सांगणारं कुणी नकोच होतं, मनगट धरणारं हवं होतं. त्या दिवसापासून रोज सकाळी केर टाकायला गेले की मी एक थाप मारून यायची. पावसाळ्यात दोन. भीती गेली नाही, पण तिला बसायला जागा मिळाली. आणि ते डांगर. तसं डांगर मी पुन्हा खाल्लं नाही. घर दिवसभर घमघमत होतं.

त्या वर्षीची वाडी धरणात पाणी अडवायच्या आधीच्या पुरानं टाकलेल्या गाळावर निघाली होती. हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही, मावशीच्याही.

गाळाला ती नदीचा शिधा म्हणायची. वरच्या रानातला पालापाचोळा, गुरं चरतात तिथलं शेण, वावरांतली काळी माती, असं सगळं पुराबरोबर उतरायचं आणि पाणी ओसरताना रेतीवर दुधावरच्या सायीसारखं बसायचं. पाणी गेलं की मावशी अनवाणी पात्रात उतरायची आणि टाच दाबायची. टाच रुतली की हसायची. सगळी भोयवाडी तिच्या टाचेकडं डोळे लावून काठावर उभी असायची. रुतली, असं कळलं की मगच माणसं बी काढायची.

मी आल्यानंतरच्या पावसाळ्यात पूर आला तो सांडव्यावरून. पाणी इतकं निवळ की नदीचा तळ दिसत होता. बाया खूश झाल्या. एरवी श्रावणात त्या पाण्यात धुतलेलं लुगडं मातकट व्हायचं, त्या साली पांढरं निघालं. सरकारनं पाणी गाळून देल्लं, असं एकजण म्हणाली आणि सगळ्या हसल्या. पाणी ओसरल्यावर मावशी पात्रात उतरली. टाच दाबली. चार पावलं पुढं गेली, पुन्हा दाबली. मग पलीकडच्या काठापर्यंत जाऊन आली. परत आली तेव्हा तिच्या मुठीत रेती होती. धुतलेल्या तांदळासारखी.

"शिधाच नाई आला वं या साली," ती म्हणाली. रागानं नाही. पोस्टमननं मनिऑर्डर चुकवली असं कुणी म्हणावं, तसं.

त्या वर्षी वेल सुतळीसारखे झाले. फळं मुठीएवढी, चवीला पाणचट. मावशीनं आधी बियाला दोष दिला. मग शेणखताला. मग टोबताना एका पोरीनं शिंकल्याला. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच निवळ पाणी, पुन्हा टाच रुतेना. आणि आता नदी काठ खायला लागली. काठावरच्या मळईच्या, पुराच्या गाळानं बनलेल्या जमिनीचे मोठमोठे कापे पाण्यात कोसळायचे. त्या जमिनीला पिढ्यान्‌पिढ्या कुणी खत घातलं नव्हतं, आता मळईवाले अनसिंगहून खताची पोती आणायला लागले. पोती आणायची आणि काठासकट वाहून जाताना बघायची. मावशी म्हणायची, "पानी उपाशी सोडलं तुमी. संगं मातीच नाई, मंग ते काठ खाईन नाई तं काय करीन?"

'तुमी' हा शब्द मला लागायचा. पण ती म्हणायची तेव्हा कमी लागायचा. बाकीच्या बायांनी मला नळावर 'धरनवाली' म्हणायला सुरुवात केली होती, आणि त्यांना गप्प करणारीही तीच होती. "धरनवाली ते कायची? धरनवाली मी हाये. माती म्या टाकली. मले बोला."

एकदाच ती माझ्यावर घसरली. उन्हाळ्याच्या तोंडाला आम्ही दोघी भिंतीवर चढलो होतो. धरणातलं पाणी आत सरकलं होतं आणि उघड्या पडलेल्या काठावर काळा, तुकतुकीत गाळ पसरला होता. लांबच्या लांब. मावशी उभी राहून बघत होती. मी म्हटलं, मावशी, ऊन लागतंय, चला.

"हे पाय," ती म्हणाली. "सगळा शिधा अथी हाये. माहा, भोयवाडीचा, मळईवाल्याचा. तुह्या नवऱ्याच्या कुलपात."

आमच्या यांच्याकडं कालव्याच्या गेटच्या चाकाला लावायचं कुलूप होतं, एवढंच काय ते त्यांच्या हातात. पण मी त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या सकाळी मावशी स्वतःच आली, माझ्या हातचा चहा प्यायली आणि म्हणाली, "साहेब कदी येते? मले बोलाचं हाये."

साहेब तपासणीला आले तेव्हा मी दाराशी उभी होते, म्हणून जे झालं ते माझ्या कानानं ऐकलेलं आहे. साहेब वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं.

"साहेब, पयल्या पुराले गेट उघडा. गढूळ पानी तेवढं खाली जाऊ द्या. मंग बंद करा, आमचं काई म्हननं नाई."

साहेबांनी टोपी काढून घाम पुसला. "मावशी, ते गेट कालव्याचं. त्यातून पाणी शेताला जातं, नदीत नाही. नदीत जातं ते सांडव्यावरनं. सांडवा वर आहे, गाळ बसतो तळाशी. तो वर कसा येईल?"

"तं तळाले भोक पाडा."

"पाडलं तर पाणी पहिलं कुणाच्या घरावर येईल? हिच्या." त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

मावशीनं वळून माझ्याकडं पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं, त्या पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसं. "नको मंग," ती म्हणाली. "हे तं आदीच भेते."

साहेबांना हसू आलं, पण लगेच ते गंभीर झाले. "खरं सांगू का, मलाही तो गाळ नकोय. पाणी साठवायला बांधलं आणि साठतोय चिखल. दरसाल थोडं थोडं धरण भरत चाललंय. तुम्ही नेता का? उन्हाळ्यात पाणी उतरलं की हवा तेवढा न्या. कुणी अडवणार नाही, मी सांगतो यांना."

आता हे बघा. वरच्याला गाळ नको होता, खालच्याला हवा होता. ज्याला नको त्याची अडचण खरी, जिला हवा तिची भूक खरी. मध्ये एक भिंत, तीसुद्धा भुकेल्या माणसांनीच बांधलेली, आणि दुष्काळात त्याच भिंतीनं त्यांना जगवलेलं. कालव्याकडच्या बाजूला हिरवंगार झालं होतं, तेही खोटं नाही. मी इतकी वर्षं मनात भांडते आहे, पण भांडणाला समोर माणूसच उभा राहत नाही. साहेबांवर चिडावं तर ते बरोबर बोलत होते. धरणावर चिडावं तर मावशीच म्हणायची, माह्या भिताडाले नाव ठेवू नका. मग चिडायचं कुणावर?

त्या उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर आम्ही गाळ वाहिला. भोयवाडीतली झाडून सगळी माणसं आणि मी. कालव्याकडच्या एका शेतकऱ्यानं बैलगाडी दिली. त्याच्या वावरातली पळाटी उपटून देऊ, असं मावशीनं कबूल केलं होतं. आमचे हे आधी कुरकुरले, चौकीदाराच्या बायकोनं टोपली वाहायची म्हणजे कसं दिसतं. मग स्वतःच एका संध्याकाळी सदरा काढून फावडं घेऊन उतरले. ढीग काठावर उंचावर रचून ठेवले आणि पावसाळा गेल्यावर रेतीत पसरायला घेतले. मावशी मधोमध उभी राहून सांगत होती, "अजून टाका, अजून. दोन साल उपाशी हाये रेती. पोटभर देऊ तिले." आम्ही टाकला. पायांनी तुडवून तुडवून बसवला. काळीभोर वाडी तयार झाली. मावशीनं टाच दाबली, ती घोट्यापर्यंत रुतली, आणि ती हसली. ते हसू मला अजून दिसतं.

पण चूक तिथंच झाली होती. बी तरारून वर आलं. पानं इतकी काळसर हिरवी की मळईवाले बघायला आले. मग ऊन वाढलं. गाळ आवळायला लागला. धरणातला तो गाळ नुसता चिकण. पाणी घालावं तर वरच तळं साचून राही, खाली झिरपेना. सुकला की भेगा पडत आणि भेगांबरोबर मुळं तुटत. आम्ही खुरप्यानं फोडायला गेलो तर सपाट चिपा निघायला लागल्या. मावशीनं एक चीप उचलली, दुसरीवर आपटली. खणकन वाजली.

"हे तं कवेलू झालं," ती म्हणाली. घरावर शाकारायच्या कौलाला तिकडं कवेलू म्हणतात.

ती तिथंच वेलांमध्ये खाली बसली. मी जवळ जाऊन बसले. मला वाटलं आता शिव्या देईल, धरणाला, साहेबांना, मला. तिनं रेती आणि गाळ तळहातावर एकत्र चोळला आणि फुंकून टाकला. "नदी वाढत होती वं ताटात," ती म्हणाली. "थोडं हे, थोडं ते. आपुन पोतंच ओतलं."

चैत्रात त्या सबंध वाडीत नाव घेण्यासारखं एक डांगर धरलं. पहिलं फळ नदीचं. मी म्हटलं, मावशी, एकच आहे, या वेळी राहू द्या. तिनं ऐकलं नाही. पात्रात उतरून तिनं ते चिरलं आणि दोन्ही फाका पाण्यात सोडल्या. पाणी घोट्याएवढं, धार अशी नव्हतीच. फाका तिच्या पायाशीच गोल गोल फिरत राहिल्या.

"वाहत नाहीत त्या," मी म्हटलं.

"राहू दे. नदीनं नाई खाल्लं तं पोट्टे खातीन." आणि ती काठावर चढली.

त्यानंतर तिनं वाडी लावली नाही. कालव्याकडच्या वावरांत ती निंदायला, कापूस वेचायला जायला लागली. दुसऱ्याच्या बांधावरून चालताना म्हणायची, "पानी माह्याच भिताडाचं हाये बरं हे," आणि अर्धंमुर्धं हसायची. पण भिंतीजवळून जाताना तिचा हात उचलेनासा झाला. मी दारातून बघायची. डोक्यावर गवताचा भारा, दोन्ही हात भाऱ्याला, मान सरळ. तिच्या वाटची थापही मग मीच मारून यायची. बायका मला वेडी म्हणत असतील. म्हणोत.

मग यांची बदली झाली, तापीच्या बाजूला, पुन्हा एका धरणावर. निघायच्या दिवशी मावशी फाट्यावर आली. पदराच्या गाठीतलं डांगराचं बी सोडून तिनं माझ्या रुमालात बांधलं.

"मावशी, हे तुमच्याकडं असू द्या. पुन्हा लावाल."

"कशात लावू? घरी उंदरं खातीन. तू लाव. अन गाळ पातळ देजो. माह्यासारखं करजो नको." मग म्हणाली, "तथी बी भिताड असनच. थाप मारत जाय. ते माहं नाई, पन मारत जाय. तेवढाच आधार."

यष्टी आली. आम्ही चढलो, सामान वर टाकलं. गाडी घरघरायला लागली आणि मला खाली थाप ऐकू आली, सपाट पंज्याची, सणसणीत. मावशीनं यष्टीच्या पत्र्याला मारली होती. "चाल माय, चाल," ती गाडीला म्हणत होती. माझ्याकडं बघत नव्हती.

इथं आता मी दुसऱ्या भिंतीच्या पायथ्याशी राहते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की घमेल्यानं गाळ आणते. त्यात नदीची रेती चाळून घालते, सुका पाला चुरते, लेंड्या कुटून घालते. क्वार्टरमागं वाफा केला आहे. त्यावर हे मिश्रण पातळ पसरते, साय बसावी तसं. वाळलं की चीप उचलून आपटून बघते. वाजली तर पुन्हा रेती. पहिल्या खेपेला नुसता वेल पसरला, फळ नाही. गेल्या खेपेला दोन फळं आली, दिसायला गोमटी, चवीला काकडी. शेजारणी म्हणतात, बाजारात ढिगानं मिळतं, एवढा खटाटोप कशाला. त्यांना काय सांगू.

मावशीला लिहिता-वाचता येत नाही, आणि मळईवाल्यांकडून वाचून घेणं तिला आवडत नाही, म्हणून पत्र टाकत नाही. तिकडून बदलून आलेलं कुणी भेटलं की विचारते. आहे, वावरात जाते, असं कळतं. तेवढं कळलं की चार दिवस बरे जातात, मग पुन्हा काळजी.

पण बी संपलेलं नाही. दरसाल थोडं लावते, थोडं राखते. ज्या साली घर तसं घमघमेल, त्या साली पहिलं फळ नदीला जाणार नाही. नदीनं एवढं ऐकावं माझं. ते मांडीवर घेऊन मी वाशिमची गाडी धरीन, तुझ्या उंबऱ्यावर बसून चिरीन, आणि गाळात रेती किती, पाला किती, ते तुझ्या तळहातावर चोळून दाखवीन. मग आपण दोघी नदीत उतरू आणि तू टाच दाबशील. तुझं देणं मी असं फेडणार आहे, मावशी. थोडी थांब.